संक्रांतीच्या आत माती, शिवरात्रीच्या आत बी

दरवर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात पिंपरी-चिंचवडमधल्या निगडी, चिखली, मोशीकडच्या रोपवाटिकांत गर्दी होते. परीक्षा संपत आलेल्या असतात, सकाळची हवा सुखाची असते आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत जो तो सांगत असतो की वसंत आला, भाजी लावा. टोमॅटोची, ढोबळी मिरचीची, वांग्याची रोपं पिशव्यांतून घरोघरी जातात. मेच्या सुरुवातीला तीच मंडळी भेटली की गाऱ्हाणं ठरलेलं असतं: झाड वाढलं, फुलं लागली, पण फळ धरलंच नाही, सगळी फुलं गळून गेली. मीही पहिली तीन वर्षं हेच केलं. खत कमी पडलं असेल म्हणून दर वर्षी खत वाढवत गेलो. चूक खतात नव्हती. तारखेत होती, आणि तारखेच्याही आधी मातीत होती.

युरोप-अमेरिकेतल्या घरगुती बागकामाचं सगळं गणित हिमावर उभं आहे. शेवटचं हिम पडून गेलं की रोपं बाहेर काढायची आणि तिथून पुढे दिवस मोजायचे. आपल्याकडे पवना-इंद्रायणीच्या काठी हिमाचा प्रश्नच नाही. जानेवारीत पुण्याचं किमान तापमान सरासरी ११-१२ अंशांच्या आसपास असतं. रोप कुडकुडतं, मरत नाही. एप्रिलमध्ये मात्र कमाल तापमान ३८ अंशांवर पोचतं आणि आपल्या भागातला सर्वांत तापलेला महिना मे नसून बहुतेकदा एप्रिलच असतो. म्हणून इथं दिवस एप्रिलपासून मागे मोजायचे. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येतो, तो आंब्याच्या आणि कोकिळेच्या हिशेबानं बरोबरच आहे. टोमॅटोच्या हिशेबानं तोवर उशीर झालेला असतो.

हिशेब साधा आहे. टोमॅटोचं रोप लावल्यावर महिन्याभरानं फुलावर येतं. दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रीचा २२-२३ च्या वर राहू लागला की परागकण निकामी होतात, फूल फळ न धरता गळतं. संक्रांतीला लावलेलं रोप फेब्रुवारीच्या मध्यावर फुलतं आणि मार्चअखेरपर्यंत त्याची बरीचशी फळं धरून झालेली असतात. एप्रिलची झळ त्या फळांना पिकवते. पाडव्याला लावलेलं रोप एप्रिलच्या शेवटी फुलतं, म्हणजे नेमकं भट्टीत. संक्रांतीला रोप हातात हवं असेल तर बी पंचवीस-तीस दिवस आधी, मार्गशीर्षात टाकलेलं पाहिजे. पाडव्याला रोपवाटिकेत दिसणारी टोमॅटोची रोपं हिरवीगार असतात, पण ती विकत घेऊ नयेत असं मी आता सगळ्यांना सांगतो.

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारली, दुधी या उन्हाळी भाज्यांचं तसं नाही, त्यांना ऊब लागते. त्यांची चूक उलट्या बाजूनं होते. उत्साहानं नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात भेंडी टोकली तर बी गार मातीत कुजतं. माती १७ अंशांच्या खाली असेल तर भेंडी जवळजवळ उगवतच नाही, २५ च्या पुढे ती चार-पाच दिवसांत वर येते. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत उन्हाळी भेंडी आणि गवारीसाठी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ येतो. घरच्या बागेत मी तो रथसप्तमी ते महाशिवरात्र असा लक्षात ठेवतो. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतातच. बी त्याआधी मातीत गेलेलं असावं, म्हणजे थंडी जाते तेव्हा रोप चार पानांवर असतं. भेंडीची पहिली तोडणी पेरणीपासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, काकडीची चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, दोडक्या-कारल्याची साधारण दोन महिन्यांनी. म्हणजे होळीनंतर टोपली भरू लागते. उशिरा पेरलेल्या भेंडीला आणखी एक धोका असतो. ऊन वाढेल तशी पांढरी माशी वाढते आणि तिच्यामागून हळद्या येतो, पानांच्या शिरा पिवळ्याधमक होतात. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे वाण या रोगाला तोंड देण्यासाठीच निघाले. घरच्या चार झाडांसाठी त्यांचं बी मिळालं तर तेच घ्यावं. काकडीत आपल्या गावाचं नाव लावणारा वाण म्हणजे पुणे खिरा: आखूड, लवकर येणारा, पिकला की तांबूस सालीचा. अमेरिका-इंग्लंडमधल्या जुन्या वाणांच्या बियाणे विक्रेत्यांच्या यादीत तो ‘पूना खीरा’ म्हणून असतो, आणि इथल्या रोपवाटिकेत मागितला तर बरेचदा संकरित काकडीचं पाकीट पुढे येतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कांद्यासाठी तर सल्ला शेजारीच आहे. चाकणवरून नाशिक रस्त्यानं पुढे गेलं की राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय लागतं. भीमा शक्ती, भीमा किरण हे रब्बीचे वाण तिथलेच. रब्बी कांद्याची लागण डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या सुरुवातीला आटोपायची. नंतर लावलेल्याला पात फोफावण्याआधीच दिवस मोठे होऊ लागतात आणि गड्डा लहान राहतो. म्हणून संक्रांतीनंतर घरच्या वाफ्यात कांदा लावायचा तो पातीसाठी.

मेथी-कोथिंबीर फेब्रुवारीनंतर लवकर फुलावर जातात. शेवग्याच्या किंवा वेलाच्या सावलीत कोथिंबीर कशीबशी तगते. उन्हाळ्यातली खरी पालेभाजी तांदुळजा, राजगिरा आणि अंबाडी.

आता मातीकडे वळतो, कारण या पट्ट्यातला निम्मा प्रश्न मातीचा आहे. आपल्याकडे ‘माती’ नावानं चार वेगळ्या गोष्टी आढळतात. नदीकाठची खोल काळी. माळावरची, वीतभर खणलं की मुरूम लागणारी तांबूस. ट्रकनं विकत आणलेली ‘पोयटा’. आणि बिल्डरनं प्लॉट सपाट करताना टाकलेला भराव. पहिल्या दोन सह्याद्रीच्या बेसाल्टच्या लेकी आहेत, त्यांच्याशी कसं वागायचं हे पिढ्यांना ठाऊक आहे. तिसरीत काय आलंय हे घमेलं ओतल्याशिवाय कळत नाही. मी एकदा टेंपोभर पोयटा घेतला. वरचे दोन थर छान होते, खाली सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे आणि वायरीचे वेटोळे निघाले. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून माती उतरवून घेताना मध्यभागी कुदळ मारून बघतो.

चौथ्या प्रकाराबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, भोसरीत लहान कारखाने आणि ओतशाळा दाटल्या, नंतर चाकणला वाहनउद्योग आला. अशा भागात भरावात काय असू शकतं हे विचारणं म्हणजे शंकेखोरपणा नव्हे. खणताना काळी, चकाकणारी, हाताला कोरडी लागणारी वाळू, काचेसारखे धातुमळीचे खडे किंवा तेलकट वास आला तर त्या जागी खाण्याचं काही लावू नये. गुलाब लावावा, जास्वंद लावावी, भाजी कुंडीत घ्यावी. रहदारीच्या रस्त्याला लागून असलेल्या जुन्या अंगणाचंही तसंच. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण मातीत बसलेलं शिसं आपोआप उडून जात नाही.

इथं दोन दिलासे आहेत आणि एक गैरसमज. पहिला दिलासा असा की आपली काळी माती अल्कधर्मी आणि चुनखडीची. अशा मातीत शिसं आणि कॅडमियम बऱ्याच अंशी जखडून राहतात, आम्ल मातीत ते जितके मोकळे फिरतात तितके फिरत नाहीत. सेंद्रिय खत घातलं की ती पकड आणखी घट्ट होते. दुसरा असा की भेंडी, टोमॅटो, दुधी यांच्या फळांत हे धातू कमी पोचतात. जास्त जपायचं ते मुळं आणि पालेभाज्यांबाबत, आणि तिथंही पानावर बसलेल्या धुळीचा वाटा मोठा असतो. म्हणून पालेभाजी तीन पाण्यांनी धुवावी. गैरसमज हा की माती तपासून घेतली म्हणजे हे सगळं कळतं. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाही. त्यांची तपासणी प्रयोगशाळेकडून वेगळी मागून घ्यावी लागते. इंद्रायणीवर आळंदीजवळ पांढरा फेस तरंगताना सगळ्यांनी पाहिला आहे. ते पाणी पालेभाजीला देऊ नये हे सांगायला कोणत्याही तपासणीची वाट पाहायला नको.

नेहमीची तपासणी तरीही करून घ्यावी. बागेत पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल ‘व्ही’च्या आकाराचे खड्डे घ्यायचे, कडेची पातळ चकती खरवडायची, सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. हिरव्या खताच्या किंवा ताज्या शेणाच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. पत्रिका आली की सगळ्यांत आधी दोन आकडे पाहावेत. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर माती उपाशी आहे. सामू आठच्या वर असेल तर चुना, राख, अंड्याच्या टरफलांची पूड हे सगळं बंद. परदेशी पुस्तकं माती गोड करायला चुना घालायला सांगतात, ती त्यांच्या आम्ल मातीसाठी. आपल्या मातीवर लिंबाचा रस टाकला तर कित्येकदा फसफसून वर येते, इतका चुना तिच्यात आधीच आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर मातीत लोह नाही असं नसतं. चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही. त्यावर चांगलं कुजलेलं खत हाच टिकाऊ उपाय.

मराठीत मातीसाठी एक शब्द आहे, तो इतर भाषांत इतक्या नेटकेपणी मला सापडला नाही: वाफसा. मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती वेळ. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, टिचकी मारली तर फुटावा, हाताला चिकटू नये. काळी माती ओली असताना खणली तर ढेकळं विटांसारखी वाळतात, वाळल्यावर खणली तर कुदळ उडते. परतीचा पाऊस थांबल्यावर, दिवाळीच्या मागेपुढे हा वाफसा हाती लागतो आणि थोडेच दिवस टिकतो. उन्हाळी भाजीची मशागत तेव्हा. जानेवारीत जाग आलेला माणूस दगडावर कुदळ आपटतो.

मशागत कशी, यावर मतं बरीच आहेत. विद्यापीठाची शिफारस सरळ आहे: हेक्टरी वीस-पंचवीस टन चांगलं कुजलेलं शेणखत, म्हणजे घरच्या वाफ्यात चौरस मीटरला दोन-अडीच किलो, सोबत निंबोळी पेंड, आणि तपासणीनुसार बाकीचं. ‘चांगलं कुजलेलं’ हे शब्द फार महत्त्वाचे. गोठ्यातून आणलेलं ताजं शेण म्हणजे हुमणीला आणि वाळवीला निमंत्रण, शिवाय ते कुजताना रोपाचंच नत्र खातं. ही वाट खात्रीची आहे, पण शहरात चांगलं शेणखत मिळणं दर वर्षी अवघड होत चाललं आहे.

दुसरी वाट कोल्हापूरची. गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि ‘विपुलाच सृष्टी’तून सांगितलं की माती आणायची नसते, घरात पडणाऱ्या काडीकचऱ्यातून आणि सूर्यप्रकाशातून ती करायची असते. त्यांच्या विचारावर दीपक सुचदे यांनी ‘अमृत माती’ची रीत बसवली: सुका पाला शेण-गोमूत्र-गुळाच्या पाण्यात भिजवायचा, मातीचा हलका थर देत ढीग रचायचा, त्यात नाना चवींचं धान्य-कडधान्य पेरायचं आणि एकवीस, बेचाळीस, त्रेसष्ट दिवसांनी कापून तिथंच पसरायचं. सगळं मिळून साधारण साडेचार महिने लागतात. हा हिशेब फारच थोडे लोक मांडतात: संक्रांतीला माती तयार हवी तर ढीग पोळा-गणपतीच्या सुमाराला लागला पाहिजे. आणि तेव्हा पाला कुठून आणणार? पानगळ तर फेब्रुवारी-मार्चात होते, बदामाची लाल पानं रस्ताभर पडतात, झाडणारे ती ढिगानं पेटवतात. त्या महिन्यांत पोती भरून ठेवली तरच भाद्रपदात ढीग लागतो. एका वर्षाची लागवड आणि पुढच्या वर्षाची माती एकाच आठवड्यात सुरू होतात.

तिसरं मत पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांचं. त्यांनी मांडलं की कुजून झालेल्या खतातली ऊर्जा आधीच संपलेली असते. मातीतल्या सूक्ष्मजीवांना साखर किंवा हिरवा पाला असं ताजं अन्न थोड्या प्रमाणात द्यावं, म्हणजे त्यांची संख्या वाढते आणि मातीतलीच खनिजं ते झाडाला मोकळी करून देतात. काळ्या मातीत खनिजं भरपूर असतात, तिथं मला हे पटतं आणि मुठीमुठीनं हिरवा पाला मी घालतो. नुसत्या मुरमावर किंवा कोकोपीटच्या कुंडीत तेवढ्यावर भागत नाही.

चौथं मत न खणण्याचं. इंग्लंडमधले चार्ल्स डाउडिंग जमिनीवर पुठ्ठा अंथरून वर कंपोस्टचा थर देतात. आपल्याकडे पुठ्ठा वाळवीच्या तोंडी जातो, तो सोडून द्यावा. पण कल्पना काळ्या मातीला मानवते, कारण ती माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचं खाली नेते आणि स्वतःची नांगरट स्वतःच करते. भूगोलाच्या पुस्तकात हे आपण शाळेत वाचलेलं असतं. मुरमाड जागेत मात्र पहिल्या वर्षी टिकाव घ्यावाच लागतो. माझा स्वतःचा कौल असा: पहिल्या वर्षी एकदा खोल खणा, दगड काढा, खत मिसळा, नंतर फक्त वरून घालत राहा. आणि उन्हाळी वाफा पावसाळी वाफ्यासारखा उंच करू नका. गादीवाफा पावसाळ्यात मुळं वाचवतो, उन्हाळ्यात तोच चारी बाजूंनी सुकतो. उन्हाळ्यात वाफा जमिनीच्या जरा खाली असावा.

आच्छादनाबद्दल पुण्यातच झालेलं एक काम सांगितलं पाहिजे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती दगडी इमारत अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. १९३२ मध्ये तिथं कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली, तिची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे होती. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलं: निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा उघड्या जमिनीला टेकून नसते, तर जमिनीपासून थोडी वर असते. उघडी माती दिवसभर साठवलेली ऊब रात्री सोडत असते. म्हणजे जानेवारीत जाड पालापाचोळा अंथरला की माती झाकली जाते, दिवसा तापत नाही, रात्री ऊब देत नाही, आणि भेंडी उगवायला चार दिवस जास्त घेते. त्याच तीसच्या दशकात रामदास आणि द्रविड यांनी पुण्याच्या काळ्या मातीवर पांढरी भुकटी पसरून पाहिली. पांढऱ्या झालेल्या मातीचं तापमान शेजारच्या उघड्या मातीपेक्षा बरंच खाली राहिलं. बागेपुरता अर्थ असा: पेरणीच्या वेळी माती उघडी ठेवा, रोप वीतभर झाल्यावर, फेब्रुवारीअखेर पाचट किंवा वाळलेलं गवत अंथरा. वाळकं गवत फिकट रंगाचं असतं, तेही ऊन परतवतं. गच्चीवरच्या काळ्या ग्रो बॅगांना बाहेरून चुन्याचा हात द्या किंवा जुनं पांढरं धोतर गुंडाळा. एप्रिलच्या दुपारी काळ्या पिशवीच्या कडेची मुळं अक्षरशः शिजतात.

गच्चीचा विषय निघालाच आहे तर वजनाचं आधी. भारतीय मानकानुसार वापरातल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार गृहीत धरतात. ओली माती फूटभर भरली तर ती तेवढ्याच जागेत पाचशे किलोंवर जाते. म्हणून गच्चीवर मातीचे वाफे नकोत. कुंडीत एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट किंवा उसाचं चिपाड. कोकोपीट दोनदा धुऊन घ्यावं, त्यात मीठ असतं. चिपाड रसवंतीवाला आनंदानं देतो. दाभोळकरांच्या शिष्यांनी शहरांतल्या गच्च्यांवर त्याच्यावरच भाज्या पिकवल्या. फेब्रुवारीत रसवंत्या सुरू होतात आणि चिपाड कुजायला काही महिने घेतं, म्हणजे हाही पुढच्या वर्षाचा माल. यंदा वापरायचं तर आच्छादन म्हणूनच.

पाण्याचं वेळापत्रक या सगळ्याला धरून बसवावं लागतं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडमध्ये एक दिवसाआड पाणी येतं. टोमॅटोचं बूड काळं पडून कुजतं, तेव्हा लोक कॅल्शियम घालतात. मातीत कॅल्शियम ओसंडत असतं, ते फळापर्यंत पोचतं पाण्याबरोबर, आणि पाणी एक दिवस पोटभर, एक दिवस शून्य असं मिळालं की फळाच्या टोकाला तुटवडा पडतो. एक झाकणाचा ड्रम भरून रोज सकाळी थोडं थोडं दिलं तर ही तक्रार बहुतांशी मिटते. भाज्या धुतलेलं पाणी आळ्यात जावं. साबणाचं जाऊ नये, त्यातल्या सोडियमनं काळी माती आणखी घट्ट होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाफा रिकामा झाला की आणखी एक काम उरतं. माती भिजवून, सपाट करून, पारदर्शक पातळ प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे कडा दाबून ठेवायची. इस्रायलमध्ये याकोव काटान यांनी १९७६ साली ही रीत शास्त्रात आणली. आपले शेतकरी नांगरलेली जमीन उन्हात तापू देतात तिचंच हे बंदिस्त रूप. सूत्रकृमी, मर रोगाची बुरशी, तणाचं बी बरंच मरतं. प्लास्टिक काळं नको, काळ्याखाली माती तितकी तापत नाही. यंदा माझा वाफा १० मेला झाकायचा आहे. मध्ये वळीव कोसळला तर प्लास्टिकवरचं पाणी सुपलीनं काढून कडा पुन्हा दाबायच्या. गेल्या वर्षी एका रात्रीत तीनदा हे करावं लागलं होतं.